दुधाची पावती आणि डिझाइनचा वर्ग

मी बेळगावात डिझाइन शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत खानापूरकडच्या एका वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, चित्रं काढायला शिकवतो म्हणताय, कॉम्प्युटरही शिकवतो म्हणताय. खरं परीक्षा कशाची, ते कुणी सांगत नाही. पोरगी चार वर्षांत नेमकं काय शिकून येणार, मला समजेल असं सांगा की." मुलगी शेजारीच उभी होती. मागे रांग होती, म्हणून मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ निभावली. ते त्यांना पुरलं नसणार. त्या दिवशी राहिलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

या अभ्यासक्रमाचं नाव जागोजागी बदलतं. कुठे इंटरॅक्शन डिझाइन, कुठे इंटरॅक्टिव्ह मीडिया, कुठे नुसतं यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव. नावांत अडकू नका. मुळाशी आहे ती माणूस आणि वस्तू यांच्यातली देवघेव. माणूस काहीतरी करतो, वस्तू त्याला उत्तर देते, ते उत्तर बघून माणूस पुढचं ठरवतो. लग्नपत्रिका छापखान्यातून बाहेर पडली की ती बनवणाऱ्याचं काम संपलं. वाचणाऱ्याने ती उलटी धरली म्हणून पत्रिका बदलत नाही. एटीएम, मोबाईलवर गॅस नोंदवायचं पान, दवाखान्यातला टोकनचा पडदा, संग्रहालयातला बोट लावलं की उजळणारा नकाशा यांचं खरं काम मात्र माणसाने हात लावल्यावर सुरू होतं. म्हणून इथे एका चित्रावर भागत नाही. साध्या बटणाचीही चार-पाच रूपं ठरवावी लागतात: न दाबलेलं, दाबलेलं, काम चालू असलेलं, काम झालेलं आणि काम फसलेलं. पहिल्या रूपाचं सुरेख चित्र सगळेच काढून आणतात. फसलेल्या रूपाचं काय, हे मी विचारेपर्यंत बहुधा कुणाच्या मनात आलेलं नसतं.

पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर उघडायचा नसतो. घरातल्या पुढच्या खोलीतल्या स्विचबोर्डाचं चित्र काढून आणा, एवढंच सांगते. मग घरी पहिल्यांदाच आलेल्या एखाद्या माणसाला पंखा लावायला सांगायचं आणि त्याने कुठली बटणं कुठल्या क्रमाने दाबली ते लिहायचं. सहा बटणं एका ओळीत, वर दिवे आणि पंखा भलत्याच क्रमाने. पाहुणा आधी ट्यूब लावतो, मग बाहेरचा दिवा, मग ओशाळून हसतो. त्या हसण्यावर आमचा अख्खा तास जातो. बटणं कुठल्या क्रमाने बसवायची ते ठरवलं दुसऱ्याने आणि ओशाळला पाहुणा. हेच ओशाळणं आणखी कुठे दिसतं, याची यादी मुलंच करतात: बँकेत पैसे भरायच्या यंत्रासमोर, तिकिटाच्या यंत्रासमोर, कष्टाने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून रेशन दुकानात. माणूस अडखळला की आधी वस्तूकडे बघायचं, माणसाकडे नाही. पहिलं सत्र संपेपर्यंत ही एक सवय अंगात मुरली तर मला समाधान वाटतं.

दुसरं उदाहरण बाजारातलं. गणपत गल्लीत भाजी घेऊन पैसे मोबाईलवरून दिले की विक्रेतीशेजारचा छोटा स्पीकर मोठ्याने सांगतो, चाळीस रुपये मिळाले. तिचे हात मातीचे, लक्ष तराजूवर, समोर चार गिऱ्हाइकं. मोबाईल काढून मेसेज वाचायला तिला सवड नाही. त्या पेटीच्या बोलण्यावर तिचा सगळा व्यवहार चालतो. ही पाच-सात सेकंदांची देवघेव मी मुलांना कागदावर मांडायला सांगते: कोण काय करतं, त्यातून कुणाला काय कळतं, आणि पैसे मध्येच अडकले तर दोघांना काय कळतं. तिसऱ्या प्रश्नाला हमखास सगळे थांबतात. पैसे अडकले की पेटी गप्प राहते. नेटवर्क हळू असलं तरी गप्पच राहते. गिऱ्हाईक म्हणतं गेले, विक्रेती म्हणते आले नाहीत, आणि खरं काय ते दोघांनाही ठाऊक नसतं. शांततेचे असे दोन अर्थ होत असतील तर ते डिझाइनचं अपुरेपण आहे, आणि ते कसं भरून काढायचं हा परीक्षेत शोभावा असा प्रश्न आहे.

इथेच वेळेचं गणितही येतं. रॉबर्ट मिलर या संशोधकाने १९६८ साली आणि पुढे वस्तू वापरायला किती सोपी हे तपासणाऱ्या जेकब नील्सनने मांडलेले तीन आकडे आम्ही पाठच करून घेतो. दाबल्यापासून ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते माणसाला तत्क्षणी वाटतं. एका सेकंदापर्यंत त्याच्या विचाराची तार तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. म्हणजे दहा सेकंद लागणार असतील तर मधल्या काळात काहीतरी चालू आहे हे दाखवायलाच हवं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाचा १९५४ चा नियमही असाच रोजच्या कामाचा आहे: जे लांब आणि लहान, तिथे बोट नेऊन टेकवायला वेळ जास्त लागतो.

इतिहास मी भराभर उरकते. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबर्ट या अमेरिकन संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोत ९० मिनिटांचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि माउस पहिल्यांदा मोठ्या सभेसमोर आला. १९८० च्या दशकात बिल मॉग्रिज या औद्योगिक डिझाइनरने ग्रिड कंपास नावाचा घडीचा संगणक घडवला. वापरायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण इतक्या मेहनतीने केलेला बाहेरचा आकार विसरला जातो आणि माणूस सगळा पडद्याच्या आत गुंततो. त्याने आणि बिल व्हर्प्लांकने या कामाला इंटरॅक्शन डिझाइन हे नाव दिलं. आपल्याकडे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, १९६९ साली मुंबईच्या आयआयटीत आयडीसी हे डिझाइनचं केंद्र सुरू झालं. एनआयडीच्या बेंगळुरू केंद्रात हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात, म्हणजे आपल्या मुलांना तो कर्नाटकातच आहे.

आता पावतीची गोष्ट. माझ्या मते या विषयाचं सगळं मर्म तिच्यात आहे.

तिसऱ्या सत्रातल्या चौघांनी गावातल्या डेअरीचं काम घेतलं. सकाळी दूध घालायला बाया-माणसं येतात. किटलीतलं दूध मोजलं जातं, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतं, त्यावरून दर लागतो आणि छोटी पावती बाहेर येते. पावतीवरची अक्षरं इंग्रजी, यंत्रावरची पाटी कन्नड, दूध घालणारी आजी मराठी आणि शाळेची पायरी न चढलेली. मुलांनी ठरवलं, आपण मराठीत मोठा पडदा करू. रंगीत चित्रं काढली: लिटरला किटली, फॅटला लोण्याचा गोळा, पैशाला नाणं. वर्गात सगळ्यांना फार आवडलं. मलाही आवडलं, हे कबूल करते.

मग ते चाचणीला गेले. चाचणी कागदावरच करायची असते. पडद्याच्या आकाराचे पुठ्ठे कापायचे, एक विद्यार्थी यंत्र होतो, समोरच्याने बोट लावलं की तो पुढचा पुठ्ठा ठेवतो. यंत्र झालेल्याने बोलायचं नाही. समजावून सांगायचं नाही. दुसऱ्याने फक्त बघायचं आणि लिहायचं. हा गप्प बसण्याचा नियम आमच्या विषयातला सगळ्यात अवघड धडा आहे. आपण केलेली गोष्ट समोरच्याला कळत नाहीये हे दिसत असताना जीभ आवरणं वीस वर्षांच्या मुलांना फार जड जातं. शिक्षकांनाही जातं.

आजींनी लोण्याच्या गोळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "लोणी पण घेतात व्हय?" मुलगा यंत्र होता, त्याला उत्तर देता येईना. मग त्यांनी ६.८ या आकड्याकडे बघून मान हलवली. वाचता येत नव्हतं तरी आकडे येत होते. रोज पावती बघून बघून ते डोळ्यांत बसलेले. पुढे त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, आदल्या दिवसाची पावती काढली आणि पुठ्ठ्याशेजारी धरली. काल ७.१ होतं. "कमी का आलं?" एवढंच त्यांना हवं होतं.

त्या एका हालचालीने मुलांचा सगळा पडदा मोडीत निघाला. भाषा हा अडथळा आहे असं त्यांनी घरी बसून धरलं होतं. तो होताच, पण आजींचा खरा प्रश्न कालच्याशी तुलना करण्याचा होता आणि त्याचं उत्तर मराठी, कन्नड, इंग्रजी कुठल्याच पावतीवर नव्हतं. दुसऱ्या आराखड्यात त्यांनी लोण्याचा गोळा काढून टाकला. आजचा आकडा मोठा, शेजारी कालचा थोडा लहान, मध्ये वर किंवा खाली जाणारा बाण. तिसऱ्या खेपेला बाणही बदलला, कारण खाली जाणारा बाण बघून एकाने किटली खाली ठेवली. यंत्र सांगतंय असं त्याला वाटलं.

किती जणांवर असं करून बघायचं? नील्सनचं प्रसिद्ध गणित सांगतं की पाच जणांत बहुतेक ठळक अडचणी सापडतात. पण त्यात पाचही जण साधारण एकाच तऱ्हेचे धरलेले असतात. आमच्या भागात मराठी वाचणारे वेगळे, कन्नड वाचणारे वेगळे, दोन्ही वाचणारे आणि काहीच न वाचणारे वेगळे. म्हणून मी प्रत्येक गटातले निदान तीन-चार मागते आणि मुलं कुरकुरतात.

लिपीचा धडा तर इथे शिकवावा असाच आहे. बेळगावात वाढलेलं मूल रोज तीन लिप्यांतून चालतं. बसची पाटी कन्नड, वाचनालयातला पेपर मराठी, औषधाची बाटली इंग्रजी. पण एकाच पडद्यावर देवनागरी आणि कन्नड शेजारी ठेवायला सांगितलं की लगेच अडतं. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबकळतं. कन्नड अक्षर गोल, आणि जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन बहुधा खाली लागतं, त्याला ते लोक ओत्तु म्हणतात. दोन्हींना एकच आकार दिला तर एक लिपी मोठी दिसते आणि ओळींमधलं अंतर कमी असलं तर कन्नडचे ओत्तु खालच्या ओळीत घुसतात. म्हणून आकार आकड्याने ठरवायचा नाही, छापून तीन हात अंतरावर ठेवून डोळ्यांनी ठरवायचा. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कर्नाटकात नियम आहे. त्यावरून मी मुलांना विचारते: साठ टक्के म्हणजे जागा मोजायची, अक्षराची उंची मोजायची, की डोळ्यात आधी काय भरतं ते मोजायचं? या प्रश्नावर मराठी आणि कन्नड मुलं एकाच फळ्यापुढे पट्टी घेऊन मापं काढत बसतात. मला तो तास प्रिय आहे.

प्रोग्रॅमिंगची भीतीही लिपीनेच घालवता येते. युनिकोड या संगणकाच्या अक्षरतक्त्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी 'क' चा २३२५, कन्नड 'क' चा ३२२१. फरक ८९६. देवनागरी 'म' चा २३५०, कन्नड 'म' चा ३२४६. फरक पुन्हा ८९६. भारतीय लिप्यांचे तक्ते एकाच वर्णक्रमावर आखलेले असल्यामुळे हे जमतं. म्हणजे मराठीत लिहिलेलं नाव कन्नड लिपीत दाखवायचं तर प्रत्येक अक्षरात ८९६ मिळवायचे, बस्स. दहा ओळींचा प्रोग्रॅम होतो. आपलं नाव दुसऱ्या लिपीत उमटलेलं पहिल्यांदा दिसतं तेव्हा वर्गात खरोखर गलका होतो.

नंतर कुणीतरी 'डॉक्टर' लिहून बघतं आणि मध्ये रिकामा चौकोन येतो. ॉ ही खूण कन्नडच्या तक्त्यात नाहीच, तिची जागा मोकळी आहे. 'ऑफिस' चंही तसंच. 'दुसऱ्या' मधला ऱ उमटतो, पण आजच्या कन्नडमध्ये न वापरलं जाणारं जुनं अक्षर होऊन. आणि 'राम' अगदी बरोबर उमटतो, तरी कन्नड मैत्रीण तो 'रामा'सारखा वाचते, कारण शेवटचा अ मराठीत गळतो आणि कन्नडमध्ये उच्चारला जातो. लिपी बदलली म्हणून भाषा बदलत नाही, हे मी भाषणात सांगितलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. चौकोन बघून राहतं. हा प्रोग्रॅम आम्ही पीफाइव्ह जेएसमध्ये लिहितो. बेन फ्राय आणि केसी रीस यांनी २००१ साली कलावंतांसाठी प्रोसेसिंग ही सोपी प्रोग्रॅमिंग भाषा काढली. लॉरेन मॅकार्थीने तोच विचार पुढे ब्राउझरमध्ये आणला, तेच हे पीफाइव्ह जेएस. फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतं, त्यामुळे प्रयोगशाळा साधी असली तरी अडत नाही.

पडद्याबाहेरचं शिकवायला मी गणपतीचे हलते देखावे करणाऱ्या एका कारागिरांना बोलावते. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपतीचे देखावे पाहतच इथली मुलं मोठी झालेली असतात, पण ते आपल्या अभ्यासक्रमात बसतात हे त्यांना वाटत नाही. काका गाडीच्या वायपरची जुनी मोटर घेऊन येतात. तिला लोखंडी पट्टी जोडली की हात वर-खाली होतो, पट्टी लांब केली की हालचाल मोठी होते. एकदा एका मुलाने विचारलं, एक फेरी किती सेकंदांची ठेवता? ते म्हणाले, "बघणारा कडेवर पोर घेऊन उभा असतोय. मागून रेटा असतोय. तेवढ्यात त्याला अख्खी फेरी दिसाय पाहिजे." मिलरचे आकडे त्यांनी ऐकलेले नाहीत, पण माणूस कितपत थांबतो याचा हिशेब त्यांनी वर्षानुवर्षं मंडपात उभं राहून केला आहे. यानंतर अर्डुइनो शिकवणं सोपं जातं. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ इथे विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली ही छोटी सर्किटची पाटी. तिला सेन्सर लावला की जवळ आलेला माणूस ओळखता येतो आणि मोटर त्याच्यासाठी थांबवता किंवा फिरवता येते. लागणारी पट्टी, बुशिंग, शाफ्ट इथल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बनवून मिळतात. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांना ही सोय इतकी हाताशी नसते.

मग मार्कांचं काय? त्या वडिलांचा मूळ प्रश्न हाच होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात अवघडही हाच. निम्मे गुण वर्षभराच्या कामाला आणि निम्मे तीन तासांच्या पेपरला, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. तीन तासांत नियम विचारता येतात, सनावळ्या विचारता येतात. आजींनी पावती काढली तेव्हा तू काय केलंस, हे विचारता येत नाही. म्हणून वर्षभराच्या कामाचे गुण मी शेवटच्या देखण्या पडद्याला कमी आणि वहीला जास्त ठेवते. वहीत चाचणीला कोण होतं, ते कुठे थांबले, त्यावरून काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही, हे असायला हवं. आता तर मशीनला सांगितलं की मिनिटात चकचकीत पडदा तयार होतो. पण डेअरीत सकाळी साडेसहाला उभं राहून लिहिलेली वही तिला तयार करता येत नाही, निदान मला फसवता येईल अशी तरी नाही. गुण कशाला किती, ते पहिल्याच दिवशी लिहून देते. नाहीतर चित्र चांगलं काढणाऱ्याला मार्क आणि बाकीच्यांना सल्ला, असा या विषयाचा बघता बघता खेळ होतो.

सत्राच्या शेवटी ज्युरी असते. विद्यार्थी काम मांडतो, चार जण प्रश्न विचारतात. त्यातला एक जण आमच्या क्षेत्राबाहेरचा असावा, असा माझा आग्रह असतो. एकदा फाउंड्रीतले सुपरवायझर होते, एकदा दवाखान्यातली नर्स. नर्सने विचारलं, हातमोजे घातल्यावर हे बटण चालेल का? मुलाकडे उत्तर नव्हतं. वर्षभर त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं ज्युरीत गप्प होतात, हे मी अनेक वर्षं पाहते आहे. काम चांगलं असतं, बोलायची वेळ आली की मान खाली. सुरुवातीला मीही इंग्रजीचा आग्रह धरायची. ती माझी चूक होती, तिने काही मुलांचं एक-एक वर्ष निस्तेज गेलं. आता मांडणी मराठीत करा, कन्नडमध्ये करा, विचार आधी मोकळा होऊ दे, असं सांगते. इंग्रजी लेखन वेगळ्या तासाला, वेगळ्या गुणांनी. पुढे पुण्या-बेंगळुरूला मुलाखतीत इंग्रजी लागणारच आहे, ते टाळत नाही. पण जो अडखळेल त्याच्याकडे बघायचं की त्याच्यासमोर ठेवलेल्या वस्तूकडे, हा नियम वर्गालाही लागू होतोच की.

नोकरीचं विचाराल तर ॲपच्या कंपन्या तर आहेतच. त्याखेरीज कारखान्यातल्या यंत्रांचे पडदे, दवाखान्यांची व्यवस्था, संग्रहालयं, खेळ, सरकारी सेवांची पानं यांतही हे काम असतं. पदवीसाठी आयआयटींची यूसीड आणि एनआयडीची डॅट या परीक्षा असतात, आणि त्यांत सुबक चित्रापेक्षा नजर जास्त तपासली जाते. त्यामुळे "माझं ड्रॉइंग चांगलं नाही" म्हणून कुणी मागे राहू नये.

आणि लॅपटॉपचं. तो पहिल्या दिवशी लागतो का, असं त्या मुलीने जाता जाता विचारलं होतं. नाही लागत. पहिली दोन सत्रं प्रयोगशाळेतल्या संगणकांवर निभतात, तेव्हा त्यासाठी आत्ताच कर्ज काढू नका. कोऱ्या पानांची जाड वही, पेन्सिल, कटर, पट्टी आणि किराणा दुकानातून मागून आणलेले चार-पाच पुठ्ठ्यांचे खोके एवढं घेऊन यावं. येताना घरातल्या स्विचबोर्डाचं चित्र काढून आणलं तर आणखी बरं.